नगरद्वारीचे शेवटचे बिरुद

पूर्वी कृतयुग सरत आले असता, जेव्हा ‘अधम’ हा शब्द केवळ असुरांसाठी राखून ठेवलेला होता आणि माणसांना तो लावण्याची गरज कोणास भासली नव्हती, त्या काळी शोणातीरी एक महापराक्रमी राजा होता. त्याचे नाव का सांगत नाही, ते पुढे कळेल. घोषवंत हा त्याचा स्तुतिपाठक. प्रत्येक विजयानंतर नगरद्वारी राजाला नवे बिरुद द्यायचे, हे त्याचे काम. पर्णाशन ऋषींचा त्याच्या कुळाला वर होता : द्वारी उच्चारलेले बिरुद युगानुयुगे टिकेल, मात्र ते खोटे असेल, तर जीभ झडेल.

एके दिवशी राजाशी लढणारा करालाक्ष असुर रक्तबंबाळ होऊन त्याच्या शिबिरात आला आणि शस्त्र टाकून म्हणाला, “राजा, आजवर तुझे बाण खाल्ले. आज अन्न खाऊ घाल.”

राजाने हसून पान वाढायला सांगितले. असुराने जेवणाआधीच्या आपोशनासाठी तळहातावर पाणी घेतले, मान लववली आणि त्याच क्षणी राजाचे खड्ग त्या मानेवर पडले. वाढायला उभ्या असलेल्या घोषवंताच्या पायांवर ते पाणी उडाले. ते तांबडे होते.

“आपोशन झाले नव्हते,” राजा खड्ग पुसत म्हणाला. “म्हणजे भोजन सुरू झाले नव्हते. म्हणजे तो अतिथी नव्हता.”

पंडितांनी माना डोलावल्या. त्यांची भोजने व्हायची होती.

“घोषवंता, उद्या द्वारी मला ‘शरणागतवत्सल’ म्हण. नाही म्हटलेस, तर जीभ छाटीन.”

म्हणजे जीभ जाणारच होती. काय बोलून जावी, एवढेच ठरायचे होते.

दुसऱ्या दिवशी द्वारी नगर लोटले. घोषवंताने एकवार आपल्या पायांकडे पाहिले आणि दोन्ही बाहू उभारून तो गर्जला, “नराधम!”

हा शब्द कोणी ऐकला नव्हता, तरी अर्थ कोणी विचारला नाही.

राजाने तिथेच त्याची जीभ छाटली. तेव्हा गर्दीतून पर्णाशन पुढे आले आणि म्हणाले, “राजा, जीभ तुझी, तू घेतलीस. शब्द लोकांचा झाला. तुझी बाकी बिरुदे गळतील, नावही गळेल. हे एवढेच उरेल. आणि ज्या दिवशी पृथ्वीवर या शब्दाला योग्य माणूस उरणार नाही, त्या दिवशी घोषवंताची जीभ त्याला परत मिळेल.”

घोषवंत अद्याप मुका आहे.