ठकूची वाट

फार वर्षं झाली. पळसओहळ गाव तेव्हा ओढ्याच्या एकाच काठावर मावत होतं. गावाच्या कडेला ठकू नावाची कुंभारीण राहायची. भाजलेली मडकी काढायला ती आव्याशी गेली, की उबेला आलेला एखादा साप तिथं वेटोळं घालून बसलेला असायचाच. ठकू म्हणायची, "बस बाबा, तुझं आटपलं की माझं." आणि सरळ भाकरी खायला घरात जायची. सापांना तिचं बोलणं कळायचं, असं म्हणतात. तिच्या नवऱ्याला मात्र ते कधी कळलं नाही, असंही म्हणतात.

गावाची रीत निराळी. कुणाच्या घरात साप निघाला, की आधी काठी शोधायची, मग थाळ्या बडवायच्या, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्यानं निदान बघायला जायचं. त्यात साप मरायचे. कधीमधी माणसंही मरायची.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, रंगू सुताराच्या घरात नाग निघाला. त्याची बायको सगुणा पाणी घेऊन आली, तर झोळीत तिचं तान्हं लेकरू झोपलेलं आणि झोळीखाली नाग. तिच्या डोक्यावरची घागर पडून फुटली. तिची किंकाळी ऐकून गाव गोळा झाला, थाळ्या वाजू लागल्या, आणि नागानं फणा काढला. रंगूनं काठी उगारली खरी, पण मारायची कुठं? नेम चुकला तर झोळीला लागणार. डिवचलेला नाग वर उसळला तर काय, हे सगुणाला मनातही आणवेना. तेवढ्यात लेकरू जागं झालं. त्याचा एक पाय झोळीबाहेर लोंबायला लागला.

सगुणा आत धावणार, तोच ठकूनं तिचा दंड घट्ट धरला.

"सोड मला, आत्ती! माझं लेकरू हाय त्ये!"

"म्हणूनशानच धरलंय. अगं, त्याला तुझं लेकरू नगं, त्याला दार पायजे. आन् दारात समदा गाव हुबा हाय!"

सगुणानं वळून पाहिलं. घराला दार एकच, आणि त्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळे "निघ, निघ" म्हणून ओरडत होते आणि निघायची वाट तेच अडवून उभे होते.

ठकूनं थाळ्या खाली ठेवायला लावल्या. पाटील गुरगुरले, "बाईमाणसाचं काय ऐकताय रं?"

"मग पाटील, तुमी एकलेच ऱ्हावा दारात," ठकू म्हणाली. "बाकीचे सरका."

सगळ्यांत आधी पाटील सरकले.

रंगूही काठी घेऊन बाहेर आला आणि दार मोकळं झालं. अंगणात, दाराच्या बाजूला पण झोळी दिसेल अशा बेतानं, सगुणा ठकूचा हात धरून बसली. तिचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा झाडाचं पानही हलत नसताना झोळी आपोआप हलायला लागली, असं म्हणतात. लेकराचा पाय आत गेला, डोळे मिटले. नागानं फणा उतरवला, उंबरा ओलांडला आणि अंगणातून सरळ कुंपणाकडे निघून गेला. जाता जाता त्यानं ठकूच्या पायांवर डोकं टेकलं, असं सांगणारेही आहेत. सगुणानं ते काही पाहिलं नाही. ती केव्हाच आत धावली होती, आणि लेकराला छातीशी धरून रडत होती, हसत होती. मग रंगूच्याही हातातली काठी गळून पडली.

ठकूला जाऊन कैक पिढ्या झाल्या. तिचं देऊळ नाही, समाधी नाही. पण पळसओहळात अजून घरात साप दिसला, की पाहणारा हळूच म्हणतो, "ठकूची वाट सोडा." पोरांना उचलतात, दार मोकळं करतात, एकजण लांबून नजर ठेवतो. साप दडूनच बसला, तर सर्पमित्राला फोन जातो. सापाच्या अंगाला गावातलं कुणी हात लावत नाही.

आणि तिथल्या बारशाला गेलात, तर एक गंमत पाहाल. बाळाला पाळण्यात घालण्याआधी जमलेल्या बायका बोलायच्या थांबतात आणि दारातून बाजूला होतात. बाळाची आई उघड्या दाराकडे बघून म्हणते, "ठकूआत्ती, वाट मोकळी हाय गं." मगच पाळण्याची दोरी ओढतात.