एकशे अठरावं झाड

नगरपालिकेच्या संगणकात झाड नोंदवलं की पुढचा क्रमांक आपोआप पडे. बाजारातली चिंच तोडली, तेव्हा मुख्याधिकारी दाभोळेसाहेबांच्या हुकमावरून कारकून वसुधानेच तिची, एकशे अठराची, नोंद पुसली होती.

आता साहेब गुरगुरले, “एकशे सतरानंतर थेट एकशे एकोणीस? वरून तपासणीला आले की विचारतील. पुढचे सगळे आकडे एकेक मागे सरकवा.”

“सरकवते, साहेब. मग तुमच्या बंगल्यासमोरचा वड एकशे अठरा होईल. आणि एकशे अठरा तोडायचा तुमच्या सहीचा हुकूम अजून फाईलीत आहे.”

साहेबांनी उगाच चष्मा पुसला. “राहू दे मग.”

कचेरीने वसुधाची पाठ थोपटली. चिंच उभी होती, तेव्हा मात्र तिची हीच जीभ टाळ्याला चिकटली होती.