टॅबलेट, रीडर आणि म्हाळूचा शिक्का

आंबेघोळ नावाचं गाव. तिथल्या वाचनालयात एक भोळा शिपाई होता, त्याचं नाव म्हाळू. भोळा म्हणजे किती? 'जरा दाराकडं लक्ष ठेव' म्हटलं की हा दारासमोर उभा राहून त्याच्याकडं टक लावून बघायचा. मागच्या खिडकीतून मांजर दूध पिऊन गेलं तरी मान वळवायचा नाही. पण माणूस मनानं सोनं. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सगळं दुखणं तिथंच होतं.

वाचनालय चालवायच्या कुमुदताई. त्यांना एकच घोर लागला होता. वाळवीनं तीन कपाटं फस्त केली होती. उरलेल्या पुस्तकांत कुठं शेवट नव्हता, कुठं सुरुवात. केरबागुरुजी बिचारे एकच रहस्यकथा चार वेळा वाचून बसले होते. खुनी कोण ते फक्त वाळवीला ठाऊक.

अशात परदेशात नोकरीला असलेल्या गावच्याच बर्गेसाहेबांनी एक खोकं धाडलं. आत पाटीसारखी दोन यंत्रं. एक टॅबलेट आणि एक पुस्तकं वाचायचा रीडर. सोबत चिठ्ठी होती. "इकडं सगळे म्हणतात, टॅबलेट आल्यावर रीडरला कोण विचारतो? मला आपल्या गावाचं मत हवंय. महिनाभर दोन्ही वापरा. जे आवडेल त्याची वीस पाठवतो."

ताईंना आनंद मावेना. वीस यंत्रं, एकेकात हजार पुस्तकं. आता वाळवी खाणार काय, कपाळ? त्यांनी म्हाळूला बोलावलं.

"हा रीडर. हा फक्त वाचायला. आणि हा टॅबलेट. हा सगळी कामं करतो."

"सगळी?"

"सगळी रे बाबा. नीट सांभाळ."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या तर केर तसाच, माठ रिकामा, पेपर दाराबाहेर पडलेले. मधोमध स्टुलावर टॅबलेट आणि त्याला टेकवून ठेवलेली केरसुणी. म्हाळू बाहेर पारावर तंबाखू मळत बसला होता.

"झाडलं का नाहीस?"

"मी कशाला? सातलाच त्याला सांगितलंय. अजून हलला नाही. नवा आहे म्हणून रागावलो नाही."

ताईंनी कपाळाला हात लावला. "म्हाळू, तू आपलं यांना पुस्तकच समज. नव्या पुस्तकाचं जे करतोस तेच यांचं कर."

"बरं, ताई."

आता आंबेघोळला नव्या पुस्तकाचं काय करतात? शिक्का मारतात. एक पहिल्या पानावर आणि एक सतराव्या पानावर. चोरानं पहिलं पान फाडलं तरी सतराव्यावर सापडतो, असा तिथला जुना नियम. म्हाळूनं रीडर उघडला. पहिल्या पानावर शिक्का हाणला. बोटानं पानं सरकवत मोजून सतराव्यावर आला आणि तिथं दुसरा हाणला. मागं जाऊन बघतो तर पहिल्या पानावर दोन शिक्के. पाचव्यावर दोन. ज्या पुस्तकाला हातही लावला नव्हता, त्याच्याही पानापानावर दोन. म्हाळूला भरून आलं. केवढं गुणी यंत्र, उरलेलं काम आपणहून केलं.

संध्याकाळी गुरुजी रीडर घेऊन ताईंकडं गेले. "ताई, खुनी सापडायची वेळ आली की मधेच 'सार्वजनिक वाचनालय, आंबेघोळ' येतंय."

ताईंनी दम धरून म्हाळूला समजावलं. "अरे, ही काच आहे. गुळगुळीत वस्तूवर शाई दिसली की ओल्या फडक्यानं पुसून लख्ख करायची. कळलं?"

"कळलं. शाई दिसली की लख्ख."

इकडं गावात दोन तट पडले होते. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर जो तो आपल्या मताची रेघ ओढत होता. हौसाकाकू टॅबलेटच्या बाजूच्या. "त्यात गाणी आहेत, लोणच्याची कृती आहे, माझा नातू दिसतो. पुस्तकंही आहेत म्हणे, अजून तिथवर पोचले नाही."

गुरुजी रीडरचे. "टॅबलेटवर वाचायला बसलो तर तिसऱ्या ओळीला कुणाच्या तरी लग्नातला नाच आला. दोन तास गेले. रीडर गरीब आहे, वाचायला घेतला की वाचूनच देतो."

"नाच बंद करून उठायचं होतं, गुरुजी," हौसाकाकू म्हणाल्या.

"चांगला होता हो," गुरुजी म्हणाले.

महिना संपला. ताई मतं मोजायला गेल्या तर फळा आरशासारखा लख्ख. शेजारी म्हाळू, हातात ओलं फडकं.

"गुळगुळीत होता, ताई. वर शाईच्या रेघोट्याच रेघोट्या. तासभर घासला."

यापेक्षा कालचा गोंधळ बरा होता. ताईंनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि चिठ्ठ्यांवर मतं घेतली. पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठ्या उडायला लागल्या, तेव्हा त्या म्हाळूला म्हणाल्या, "महत्त्वाची गोष्ट सुटी ठेवायची नाही. मासिकाचे वर्षाचे अंक आपण कसे बांधतो? भोकं पाडायची, दोरा ओवायचा, वर खाकी पुठ्ठा. सुटं ते हरवतं, बांधलं ते राहतं. हे डोक्यात पक्कं बसव."

आणि काय सांगू, म्हाळूनं चिठ्ठ्या अशा सुरेख बांधल्या की ताईंनी जन्मात पहिल्यांदा त्याची पाठ थोपटली. "आता कसं शहाण्यासारखं केलंस. असंच करत जा."

मतं निघाली टॅबलेटला एकेचाळीस, रीडरला एकेचाळीस. बर्गेसाहेबांना कळवलं. ते हसले आणि म्हणाले, भांडू नका, दहा-दहा पाठवतो, वाटायला मीच येतो.

खोकं शनिवारी आलं. ताई नेमक्या तालुक्याला हार-नारळ आणायला गेलेल्या. तिथून त्यांनी फोन केला. "म्हाळू, खोकं उघड, वीस मोजून घे. फार महत्त्वाची आहेत रे. एकही हरवता कामा नये."

"महत्त्वाची आहेत ना? मग काळजीच नको," म्हाळू म्हणाला.

ताईंना बरं वाटलं. बिचाऱ्या.

रविवारी अख्खा गाव वाचनालयात जमला. गुरुजी पहिल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. टेबलावर रुमालाखाली काहीतरी उंच झाकलेलं. म्हाळूनं इस्त्रीचा सदरा घातला होता. साहेबांनी नारळ फोडला, रुमाल ओढला.

खाली एक जाडजूड ग्रंथ होता. खाकी पुठ्ठा, तीन भोकं, भोकांतून ओवलेली सुतळी, तिला गच्च गाठ. वर म्हाळूच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खंड पहिला. अंक वीस.'

म्हाळू पुढं होऊन सांगायला लागला.

"दाभण काही शिरेना, ताई. मग सुताराचं ड्रिल आणलं. चार-पाच धुमसले, त्यांना अंगणात निवू दिलं आणि मग ओवले. पहिल्यावर शिक्का मारलाय, सतराव्यावर मारलाय. बाकी काचा पुसून लख्ख. मोजून घ्या, एकही हरवलेला नाही."

ताई खुर्चीत बसल्या. गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांच्या नशिबी तीच रहस्यकथा पाचव्यांदा आली होती.

बर्गेसाहेबांनी सुतळी जरा ओढून पाहिली. मग बारीक आवाजात विचारलं, "अरे, यात टॅबलेट कुठला आणि रीडर कुठला?"

म्हाळूनं अदबीनं हात जोडले.

"साहेब, आता दोघांत काहीच फरक राहिला नाही."