छातीचा फोटो

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव केरबा. जेवढं सांगितलं तेवढंच करायचा, आणि जसं सांगितलं तसंच करायचा. दुधावर लक्ष ठेव म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत लक्ष ठेवायचा. डोळासुद्धा मिटायचा नाही.

अशा माणसाला शहाण्यांनी कामं सांगू नयेत. पण शहाण्यांना कामं करायची नसतात, म्हणून ते सांगतात.

केरबाला आईबाप नव्हते. दौलतमामानं त्याला वाढवलेला. मामा गडी चांगला, पण विडीवाचून त्याचं पान हलत नसे. दीड महिना झाला, मामा खोकत होता. सदरा अंगावर सैल झाला होता.

"घरचाच खोकला हाय, विडीचा," मामा म्हणायचा. जसा काही खोकल्यात घरचा आणि पाहुणा असतो.

एके दिवशी त्याच्या उपरण्यावर तांबडा ठिपका दिसला. हौसामामीनं विचारलं, "ह्ये काय?"

"पान खाल्लं."

"जन्मात कधी पान खाल्लंय तुम्ही?"

मामा खोकला. उत्तर नसलं की खोकला त्याच्या उपयोगी पडायचा.

मामीनं हातातलं काम टाकलं. तिनं केरबाला हाक मारली. "मामांना आत्ताच्या आत्ता न्हे. डॉक्टरीणबाईंना दाखवून आण."

केरबानं नेलं. सरकारी दवाखान्यात मुजावर डॉक्टरीणबाई एका पोराला सुई देत होत्या. केरबानं मामाला दारात उभा केला.

"बाई, ह्ये आमचे मामा."

बाईंनी मान वर केली. "बरं."

"दिसले?"

"दिसले की."

"चला मामा," केरबा म्हणाला, आणि मामाला घेऊन घरी आला.

मामी म्हणाली, "काय म्हणाल्या बाई?"

"बरं म्हणाल्या."

मामीनं कपाळावर हात मारला. "आरं रेड्या, मामा काय नवरी हाय, नुसती दाखवायला? आत जायचं, सगळं सांगायचं, आणि बाई म्हणतील ते करून यायचं!"

"आधी सांगायचं की," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परत गेले. ह्या खेपेला केरबानं सगळं सांगितलं. मामाचा खोकला सांगितला, उपरण्यावरचा ठिपका सांगितला, म्हशीला झालेलं रेडकूसुद्धा सांगितलं. बाईंनी मामाची छाती तपासली. त्यांचा चेहरा जरा बदलला.

"मामा, आजपासून विडी ओढायची नाही. आणि छातीचा फोटो काढून आणा. उशीर करू नका."

बाजारात एक फोटोवाला होता. केरबा थेट तिथं गेला.

"छातीचा फोटो पाहिजे. उशीर करू नका."

"छातीचा?" फोटोवाल्यानं मामाकडं बघितलं. "पैलवान हायत काय?"

"न्हाई. खोकतात."

फोटोवाल्यानं मामाच्या सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, मागं डोंगराचा पडदा लावला आणि म्हणाला, "हसा."

आता खरं सांगू? हा फोटो तो नव्हे, हे मामाला कळलं होतं. पण दवाखान्याच्या फोटोत काय निघेल, ह्याची त्याला धास्ती होती. म्हणून तो हसला. येड्याच्या पाठीमागं लपलेला शहाणा फार गोड हसतो.

चौकटीत बसवलेला फोटो डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आला. बाई आधी हसल्या, मग रागावल्या.

"अरे, एक्सरे! आतला फोटो! जिल्ह्याच्या दवाखान्यात निघतो. मामा, हे हसण्यावारी नेऊ नका. इतके दिवस खोकला, त्यात रक्त, वजन उतरलेलं. टीबी असेल, आणखी काही असेल, फुप्फुसाचा कर्करोगही असू शकतो. विडीवाल्यांना तो जास्त होतो, पण न ओढणाऱ्यांनाही होतो. लवकर कळला तर उपाय जास्त."

"एक्सऱ्यानं छाती जळती म्हणं," मामा म्हणाला. "साडूच्या मोबाइलवर आलंय."

"साडूचा मोबाइल डॉक्टर आहे का? ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. खात्रीच्या ठिकाणी विचारा. आणि केरबा, असे खोकत बसलेले गावात आणखी असतील. त्यांना जागं कर."

केरबानं सगळं पाठ केलं. खात्रीच्या ठिकाणी विचारायचं. गावाला जागं करायचं. जिल्ह्याला जा असं बाई म्हणाल्या नव्हत्या, तिथं फोटो निघतो एवढंच म्हणाल्या होत्या; आणि मामानं घरी तो विषय काढला नाही.

घरी आल्यावर मामी म्हणाली, "आता आणलाच हाय फोटो, तर लाव भिंतीला. बाकीच्यांसारखा नीट लाव."

भिंतीवर बाकीचे म्हणजे मामाचा बाप, आजा आणि चुलता. तिघांच्या फोटोला हार. केरबानं मामाच्या फोटोलाही हार घातला. मामी तोवर दळण घेऊन गिरणीत गेली होती.

मामानं विडी काढली.

"मामा, विडी ओढायची न्हाई."

"मग काय करू?"

केरबानं विचार केला. "ढकला."

मामानं विडी ओठात ढकलली आणि पेटवली. "जा, तू खात्रीच्या ठिकाणी इचारून ये. मी बसतो ढकलत."

गावात खात्रीचं ठिकाण एकच होतं. पाटीच तशी होती: 'खात्रीशीर बियाणे व औषधे'. दुकानदार कानाला फोन लावून बसलेला.

"रोगाची माहिती पाहिजे," केरबा म्हणाला. "खात्रीची."

"कधीपास्नं हाय रोग?"

"दीड महिना झाला."

"पिवळं पडलंय?"

केरबाला मामाचं तोंड आठवलं. "जरा पडलंय."

"वाळाय लागलंय?"

"लई वाळलंय."

"मग काय ठिवतोस? उपट आणि टाक बांधावर. न्हाईतर शेजारच्याला लागंल."

केरबा घरी आला. मामाला काखेत धरून त्यानं खाटेवरनं उपटला. मामा ओरडला, पण ओरडता ओरडता खोकला आला, आणि खोकल्यात शब्द बुडाले. केरबानं त्याला रानात नेऊन बांधावर ठेवला. हळू ठेवला. जीव होता त्याचा मामावर.

एक काम झालं. राहिलं जागं करायचं.

दुपारची वेळ. जेवून सगळं गाव आडवं झालेलं. केरबा थाळी बडवत निघाला. "उठा! डॉक्टरीणबाईंनी जागं करायला सांगितलंय!"

"कशाला रं?"

"त्ये न्हाई सांगितलं."

माणसं चिडून त्याच्या मागं मामाच्या घरी आली. बघतात तर खाट रिकामी, आणि भिंतीवर हार घातलेला मामा छाती उघडी टाकून हसतोय.

"मामा कुठंयत रं?"

"बांधावर टाकलं. रोग शेजारच्याला लागंल म्हणून."

बायांनी गळा काढला. तेवढ्यात मामी गिरणीतनं आली. दारात गर्दी बघून डोक्यावरचं पीठ सांडलं आणि ती त्या पिठातच बसली.

मामा बांधावरनं अनवाणी लंगडत परत आला, तर त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे फोटोकडं तोंड करून रडत होते. मामा मागं उभा राहून ऐकू लागला. आपल्या माघारी काय बोलतात, हे ऐकायची संधी कोण सोडतो?

"येळंवर तपासलं असतं तर वाचला असता," एक म्हणाला.

"दीड महिना खोकत हुता. बायकोचं ऐकलं न्हाई."

"म्हैस मला देतो म्हणाला हुता," साडू डोळे पुसत म्हणाला.

"कवा म्हणालो रं?" मामा गरजला. "हात तर लाव म्हशीला!"

सगळे वळले. मामाला आणखी बोलायचं होतं, पण खोकला आला. उपरणं तोंडाला लावलं. काढलं, तर ह्या वेळी ठिपका नव्हता, चांगला डाग होता. सगळ्या गावानं बघितला.

मामी उठली. पदराचं पीठ झटकलं. "चला," म्हणाली. एवढंच.

मामानं खिशातला विडीचा कट्टा काढून चुलीत टाकला आणि तो जिल्ह्याला निघाला.

आतल्या फोटोत डाग निघाला. पुढच्या तपासण्या झाल्या. कर्करोगच होता. पण लहान होता, आणि एका जागी होता. शस्त्रक्रिया झाली. मामा घरी आला तेव्हा देवळापर्यंत चालताना दोनदा बसायचा. पण चालायचा. म्हैस त्याचीच राहिली. साडूनं मोबाइल दाखवायचं बंद केलं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. खुशीत माणूस घसरतो.

"केरबा," त्या म्हणाल्या, "गावात ज्याचा ज्याचा खोकला थांबत नाही, त्यालाही माझ्याकडं आण. मामांना आणलंस ना, अगदी तसंच."

"अगदी तसंच?"

"अगदी तसंच."

दुसऱ्या दिवशी बाई दवाखाना उघडून बसल्या. कुणी आलं नाही. गावातनं मात्र रडारड ऐकू येत होती. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर खोकणाऱ्या सरपंचांच्या फोटोला कुणीतरी ताजा हार घातला होता, आणि शेजारच्या गावची माणसं सांत्वनाला येऊन बसली होती.

दुपारी केरबा आला. घामानं निथळत होता.

"अरे, पेशंट कुठंयत?"

"समदे उपटून बांधावर ठिवलेत, बाई," केरबा म्हणाला. "सरपंच तेवढे निघंनात. खुर्चीत मुळं लई खोल गेलीत."