घळीतली शीळ

मुलांनो, डोंगराच्या उतरणीवर एक दाट जंगल होतं आणि तिथे एक सशीण राहत असे. तिला लेक एकच होती, काळज्या मात्र पुष्कळ. लेक झोपली की ही तिच्या नाकापुढे आपल्या मिशा धरून श्वास येतोय ना ते बघायची. आला की वाटायचं, जरा जास्तच जोरात येतोय का? बाकीच्या आयांना आईपण जन्मतःच येत असणार, आपल्यालाच तेवढं अजून जमत नाही, अशी तिची ठाम समजूत होती. त्यात लेकीला दम्याचा त्रास. थंडी पडली किंवा वाळल्या गवताची धूळ उडाली की तिची छाती वाजायला लागायची. मग सशीण तिला मांडीवर पुढे झुकवून बसवायची, अडुळशाच्या पानांचा रस चाटवायची, आणि हळूहळू छाती वाजायची थांबायची.

जंगलातली शाळा एका खोल घळीत भरे. आजारी पडणाऱ्या पोरांकडे बघायला एक साळिंदरबाई होत्या. त्यांचं बीळ घळीपासून दहा उड्यांवर. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक आईला विचारलं, तसं सशिणीलाही विचारलं, की लेकीला काही त्रास आहे का, कशाने होतो, काय दिल्यावर बरं वाटतं. सशिणीने मागे वळून पाहिलं. आयांची रांग होती आणि सगळ्यांचे कान टवकारलेले. गेल्या वर्षी एका खारीच्या पोराला खरूज झाल्याचं असंच सगळ्यांना कळलं, आणि मग त्याच्या शेजारी कुणी बसेना. शेवटी ते शाळेत यायचंच बंद झालं होतं. सशिणीने मान हलवली. "काही नाही हो, अगदी ठणठणीत आहे."

घरी जाताना तिने लेकीला बजावलं, छातीत वाजायला लागलं तर आत कोपऱ्यात जाऊन गप्प बसायचं, थांबतं ते आपोआप. कोणाला सांगायचं नाही. लेक गुणी होती. सांगितलेलं ऐकायची.

थंडी आली. सकाळी धुकं घळीत शिरायचं ते दुपारपर्यंत बाहेर पडायचं नाही. अशाच एका सकाळी पोरं पाढे म्हणत असताना आतल्या अंधारातून शीळ आली. बारीक, लांब. मग थोडं थांबून पुन्हा. कासवगुरुजी म्हणाले, वारा आहे. पण बाहेर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शीळ पुन्हा आली. दोघं-तिघं धीट पोरं आत बघायला निघाली, तर ती जवळ जाताच शीळ बंद झाली. कुणीतरी अंधारात श्वास रोखून आपल्याकडे बघतंय, असं त्यांना वाटलं. ती परतली आणि शीळ पुन्हा सुरू झाली.

घळीत जखीण आहे, ही बातमी दोन दिवसांत जंगलभर झाली. ती पोरांना नावाने बोलावते असं कुणी म्हणालं, आणि आपल्याला आपलंच नाव ऐकू आलं असं सांगणारेही लगेच तिघं निघाले.

सशिणीची लेक घरी येऊन आईला चिकटून बसली. "आई, ती माझ्याच मागे लागलीय. मी कोपऱ्यात गेले की समोरच्या भिंतीतून वाजते. मी श्वास धरला की तीपण थांबते."

सशिणीचे कान गार पडले. तिला कळलं. म्हणजे अर्धं कळलं, आणि उरलेलं अर्धं तिने कळू दिलं नाही. वारा असेल गं, म्हणाली, आणि अडुळसा ठेचायला बसली. उद्या जाऊन साळिंदरबाईंना सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती गेलीही. यंदा थंडी फारच आहे, एवढं बोलून परत आली.

इकडे वानरांच्या म्होरक्याने सभा घेतली. त्याने ठरवलं, की घळीचा आतला भाग दगडांनी बुजवायचा, म्हणजे जखीण आत कोंडली जाईल आणि पुढच्या भागात शाळा चालू राहील. सगळ्या आईबापांनी एकेक दगड आणायचा. सशिणीनेही आणला. सगळे आणत असताना आपण न आणणं बरं दिसलं नसतं.

दगड घेऊन मंडळी घळीपाशी पोचली, आणि नेमकी त्याच वेळी आतून शीळ आली. इतकी मोठी ती कधीच आली नव्हती. पोरं किंचाळत बाहेर धावली. कासवगुरुजीसुद्धा धावले, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. वानर आत घुसले आणि अंधाराच्या तोंडाशी दगड रचायला लागले. सशीण पोरांच्या घोळक्यात आपली लेक शोधू लागली. शेपट्याच शेपट्या, पण त्यांत ती आखूड पांढरी शेपटी नव्हती. तिने पुन्हा पाहिलं. आत शीळ वाजत होती, तुटत तुटत.

मग शीळ थांबली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. गेली बया, कुणीतरी म्हणालं. ते थांबणं काय असतं, ते त्या गर्दीत एकट्या सशिणीलाच ठाऊक होतं.

"दगड काढा," सशीण म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं. "दगड काढा. ती जखीण नाही. ती माझी मुलगी आहे."

वानराचा हात दगडावरच राहिला. कुणी हललं नाही. हलल्या त्या फक्त साळिंदरबाई. अंगावरचे काटे मिटवून त्या दगडांच्या फटीतून आत शिरल्या आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "दमा आहे का? घरी काय देता?"

"अडुळशाचा रस. आणि पुढे झुकवून बसवते," त्यांच्यामागे धावत सशीण म्हणाली.

"अडुळसा माझ्या बिळात टांगलेला आहे, बाई. दहा उड्यांवर." एवढंच त्या बोलल्या. त्याहून जास्त बोलल्या असत्या तर सशिणीला कमी लागलं असतं. त्यांच्या सांगण्यावरून एक खार पानं आणायला पळाली.

लेक अगदी आतल्या कोपऱ्यात होती. दोन्ही पंजे तिने तोंडावर घट्ट दाबून धरले होते. नाक निळसर पडलं होतं. आईने गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून ती गप्प बसली होती. दोघींनी तिला उचलून बसवलं, पुढे झुकवलं, पानं आली तसा रस थेंबाथेंबाने जिभेवर सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग छातीत बारीक वाजलं, आणि समोरच्या भिंतीने तोच आवाज मोठा करून परत पाठवला. त्या आवाजाला अख्खं जंगल घाबरत होतं. सशिणीला मात्र तो पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटला.

लेकीने भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे. "म्हणजे ती मीच होते?"



त्यानंतर साळिंदरबाईंनी सगळ्या पोरांना दमा म्हणजे काय ते समजावलं, आणि शीळ आली की काय करायचं तेही. लेकीच्या शेजारी बसायला पोरांची भांडणं लागली. सशिणीला वाटलं, संपलं एकदाचं.

महिन्याभराने धुकं फारच दाटलं, म्हणून तिने लेकीला मावशीपाशी ठेवलं आणि ती आज येणार नाही हे सांगायला स्वतः शाळेत गेली. ती साळिंदरबाईंशी बोलत होती. पाढे चालू होते. आणि आतल्या अंधारातून शीळ आली.

पाढे थांबले. सगळी पोरं लेकीच्या रिकाम्या जागेकडे बघू लागली, आणि मग सशिणीकडे. तिच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. पण या वेळी बाहेर कुणी धावलं नाही, आणि सगळ्यांत आधी आत गेली ती सशीणच.

कोपऱ्यात उदमांजराचं एवढंसं पिल्लू बसलं होतं, तोंडावर पंजे दाबून. सशिणीने त्याला मांडीवर घेतलं, पुढे झुकवलं, आणि साळिंदरबाईंना हाक मारली. ते ऐकून पिल्लू घाबरलं. श्वास पुरत नव्हता तरी ते म्हणालं, "नको. आईने सांगितलंय, कोणाला सांगायचं नाही."

तात्पर्य : ज्यांच्या हाती मूल सोपवायचं, त्यांच्या हाती त्याचं दुखणंही सोपवावं. लपवलेलं दुखणं जात नाही. मूल तेवढं त्याच्यापाशी एकटं पडतं.