शेवटून पहिली पाठशाळा

शके सोळाशे एक्केचाळीस, विकारी संवत्सर, पौष शुद्ध पंचमी. थंडी अशी की रांजणातलं पाणी दाताला लागत होतं. त्या दिवशी भैरवदुर्गच्या राज्यात दवंडी पिटली. सात पाठशाळांची मोजणी झाली आहे. राजधानीतली त्र्यंबकशास्त्र्यांची पाठशाळा पहिली. तांबेओहळच्या वामनगुरुजींची सातवी. सातवी येत्या पौर्णिमेला बंद. तिच्या जागेवर सरकारी हत्तींचा चारा रचला जाईल.

मोजणी दाजीपंत कारभाऱ्यांनी केली होती. त्यांनी पोथ्यांची बासनं मोजली, खांब मोजले, विद्यार्थी मोजले, गुरूला मिळालेल्या शालीसुद्धा मोजल्या. एकही बासन उघडून पाहिलं नाही. तसा रकानाच नव्हता. शास्त्र्यांकडे तीनशे बासनं, चाळीस खांब, दोनशे विद्यार्थी आणि अकरा शाली. वामनगुरुजींकडे पाच बासनं, अकरा विद्यार्थी आणि चार खांब. चौथ्या खांबाला म्हैस बांधलेली. शाल नव्हती, घोंगडी होती. घोंगडीलाही रकाना नव्हता.

तांबेओहळात आनसा नावाची कुंभाराची मुलगी होती. लहानपणी ती पाठशाळेचे रांजण भरायला जायची आणि दाराआडून अक्षरं टिपायची. गुरुजींनी एकदा पाहिलं. रागावले नाहीत. तिला आत बोलावलं आणि धूळपाटी पुढे सरकवली. लिहिणं-वाचणं आल्यावर तिने विचारलं, "गुरुजी, दक्षिणा काय देऊ?" गुरुजी म्हणाले, "आत्ता नको. राहू दे तुझ्याकडे." ती दक्षिणा बारा वर्षं राहिली होती.

दवंडी ऐकली आणि आनसा तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, मोजणी चुकली!"

दाजीपंत खवळले. "तू कोण चूक काढणारी?"

"कुंभारीण. पंत, मडकं घेताना तुम्ही त्याच्यावरच्या रेघा मोजता की वाजवून बघता?"

"वाजवून."

"मग पाठशाळा का नाही वाजवली?"

राजे रुद्रोजीराव हट्टी होते. एकदा निघालेला हुकूम त्यांनी कधी फिरवला नव्हता. ते म्हणाले, "पोरी, आपल्या गुरूला वाईट कोण म्हणतं? सातही गावांची माणसं येऊन गुण गाऊन गेली. माझे कान किटले! आता असं कर. वामनगुरुजींचा वैरी घेऊन ये. त्यांचं नाव काढलं की बोटं मोडणारा. आणि त्याच्याच तोंडून मला कळू दे की त्यांची पाठशाळा पहिली. तीन दिवस देतो. नाही जमलं, तर पाठशाळा जाईलच, तुझं चाकही जप्त होईल!"

दरबार हसला. वैरी येणार आणि गुरुजींना पहिलं ठरवणार!

आनसा म्हणाली, "तीन दिवस कशाला, महाराज? आपला पानविडा संपायच्या आत आणते."

ती थेट त्र्यंबकशास्त्र्यांच्या पाठशाळेच्या भिंतीपाशी गेली. तिथे लोकांना कागद लिहून देणारे आणि आलेले कागद वाचून दाखवणारे बसत. त्यांतल्या अंताजीसमोर ती उभी राहिली.

"अंताजीकाका, ओळखलंत?"

"तांबेओहळची ना तू? त्या गावाचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

"महाराज वामनगुरुजींची चौकशी करताहेत. काही गाऱ्हाणं असेल तर..."

पुढचं ऐकायला अंताजी थांबलाच नाही. लेखणी कानावर खोचून तो दरबाराकडे पळत सुटला. आनसा त्याच्या मागोमाग दरबारात आली.

"महाराज, त्या म्हाताऱ्याने मला देशोधडीला लावलं!" अंताजी दारातूनच ओरडला.

"काय केलं त्याने?"

"सात वर्षांमागे मी तांबेओहळात बैठक मांडली. गावात पाठशाळेबाहेर कोणाला अक्षर येत नव्हतं. पहिले दोन महिने ओट्यावर बसायला जागा नसायची! पण म्हाताऱ्याने नवीनच खोड काढली. दिवसा शिकलेलं पोराने संध्याकाळी एका घरी जाऊन शिकवायचं. घरच्यांनी धुळीत अक्षर काढून दाखवलं, तरच दुसऱ्या दिवशी पोराला पाठशाळेत घ्यायचं! पोरं अकराच हो, पण घरं? वर्षभरात गुराखी कागद वाचायला लागले. एक सत्तरीची म्हातारी माझ्याच लिहिण्यातली चूक काढून गेली, महाराज! मी गाशा गुंडाळला."

राजांच्या मिशा हलल्या. "आणि आता कुठे बसतोस?"

"शास्त्रीबुवांच्या भिंतीला. देवमाणूस! त्यांच्या कृपेने आम्ही नऊ जण बसतो, आणि नवांनाही मान वर करायला फुरसत नाही."

"एवढी गिऱ्हाइकं येतात कुठून?"

"आतूनच, महाराज! दोनशे पोरं आहेत. पाठांतर धडाधडा म्हणतात. पण 'आई, मी बरा आहे' एवढं घरी कळवायचं तर माझ्याकडे येतात. हे काय, दाजीपंतांचा थोरला कालच येऊन गेला!"

दाजीपंतांनी वही मिटली.

आनसा पुढे झाली. "महाराज, वैरी आपल्यासमोर आहे. बोटंही मोडून झाली. आता पहिली पाठशाळा कोणती, ते आपणच सांगा."

रुद्रोजीराव असे हसले की विडा ठसक्यासरशी बाहेर आला! डोळे पुसत ते म्हणाले, "पंत, वहीत नवा रकाना आखा. भिंतीला लेखनिक किती बसतात? जितके जास्त, तितकी पाठशाळा खाली!"

अंताजीने घाईने विचारलं, "पण त्या म्हाताऱ्याला शिक्षा काय?"

"जबर शिक्षा! राजधानीतल्या दोनशे पोरांना त्याने लिहायला शिकवायचं!"

अंताजीचा चेहरा पडला. राजांनी त्याला दरबारात लेखनिक म्हणून ठेवून घेतलं, तेव्हा कुठे तो सावरला. मग त्यांनी पाठशाळा राखल्याचा कागद आनसाच्या हाती दिला आणि आपल्या खांद्यावरची शाल उतरवून तिच्या अंगावर घातली.

आनसा गावी पोचली तेव्हा गुरुजी म्हशीला चारा घालत होते. तिने कागद त्यांच्या हातात ठेवला, शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, दक्षिणा."

गुरुजींनी कागद वाचला.

"पावली," ते म्हणाले.