बरोबर म्हणणारा दरबार

एका राज्यात अशी रीत होती की बोलणाऱ्याचं बोलणं संपलं की ऐकणाऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं. न म्हणणारा उद्धट ठरे. राजा वीरकेतू स्वतः दिवसातून शंभरदा 'बरोबर' म्हणे, मग इतरांची काय कथा!

एके दिवशी जादूगार वक्रनाथ दरबारात आला. ही रीत पाहून त्याला हसू आलं. तो म्हणाला, "वाकड्या बोलण्याला जो मान डोलावेल, तो दगड होईल. सूर्यास्तापूर्वी सुटला नाही, तर कायमचा!"

"बरोबर," दरबार म्हणाला.

जादूगार निघून गेला. घटकाभरानं प्रधान म्हणाला, "आपले वाडवडील उत्तरेला तोंड करून जेवत. तेव्हा तीच दिशा शुभ." "बरोबर!" सारे म्हणाले, सवयीनं प्रधानही. झालं! प्रधान, राजा, सारा दरबार जागच्या जागी दगड झाला.

दारावरचा शिपाई रायाजीही त्यातच. त्याची बायको भिवरा मुदपाकखान्यात तांदूळ पाखडत होती. ती धावत आली, त्याच्या गार हाताला हात लावला आणि तिनं हंबरडा फोडला. जादूगाराचा शाप मुदपाकखान्यातही ऐकू गेला होता. मग तिनं डोळे पुसले आणि तडक गावाबाहेरच्या त्याच्या मनोऱ्याची वाट धरली. काखेतलं सूप खाली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही.

मनोऱ्यात जादूगार नव्हता. एका पेटीवर त्याचा राघू बसला होता.

"बाई, तीन बोलणी ऐक," राघू म्हणाला. "प्रत्येकातला वाकडेपणा दाखव, तर नवरा सुटेल. चुकलीस तर दगड होशील."

"बोल."

"मालकांनी मनोऱ्यावर निळं निशाण लावलं, आठ दिवसांत तळं भरलं. म्हणजे निशाणानंच तळं भरलं. बरोबर?"

"बरो..." जन्माची सवय ती! भिवरेचा डावा पाय घोट्यापर्यंत गार पडला. तिनं जीभ चावली. "त्याच आठ दिवसांत आमच्या मांजरीला पिल्लं झाली. तीही निशाणानंच का? आधी घडलं म्हणून त्यानंच घडवलं, असं होत नाही." पायात ऊब आली.

"तू कोंडा पाखडणारी अडाणी बाई. तेव्हा तुझं म्हणणं चूक. बरोबर?"

"मेल्या, मी कोण ते सांगितलंस! माझं म्हणणं कुठं चुकलं, ते सांग."

राघूनं चोचीनं पेटीवर टकटक केली. सूर्य खिडकीच्या कडेला टेकला होता.

"या पेटीत खजिना आहे. एक तर खजिना सोड, नाही तर नवरा सोड. तिसरी वाट नाही. बरोबर?"

खजिना घेऊन भिवरेला काय करायचं होतं? तिला रायाजी हवा होता. 'खजिना सोडला' हे शब्द ओठांवर आले, तोच काखेतलं सूप बरगडीला टोचलं. घाईनं पाखडलं की भातात खडा राहतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

"दोनच वाटा आहेत, हे तू म्हणतोस," ती म्हणाली. "मी आधी पेटी उघडून बघते."

राघू बाजूला सरकला. आत सोनं नव्हतं, मोती नव्हते. साऱ्या दरबाराचे प्राण होते, वाटाण्याएवढे, आणि त्यांत रायाजीचाही. खजिना सोडला असता, तर नवराही गेला असता. झाकण उघडताच प्राण भुर्रकन उडाले.

भिवरा परतली, तेव्हा दरबार हातपाय झटकत उभा होता. राजा गहिवरून म्हणाला, "हिनं आम्हांला सोडवलं. तेव्हा यापुढे ही म्हणेल ते सारं खरं!"

दरबारानं तोंड उघडलं.

"का बरं, महाराज?" दारातून रायाजीनं विचारलं.

राजानं कपाळाला हात लावून विचार केला. "खरंच," तो म्हणाला, "का बरं?"

भिवरेनं नवऱ्याकडे पाहिलं आणि भर दरबारात ती खुदकन हसली. त्या दिवसापासून त्या राज्यात 'का बरं?' विचारायची रीत पडली.